नवऱ्याच्या माणसांना भेटायला : न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे अठरा दिवस

निफाडची_लेक

सप्टेंबरात नाशिकला आमचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं, तेव्हा नवऱ्याच्या बाजूने त्याचे पुण्यातल्या ऑफिसातले दोन मित्र होते. आई-वडील नव्हते, बहीण नव्हती. "मेंढ्या विताहेत, निघता येणार नाही," एवढाच निरोप आला होता. माझी आजी म्हणाली, "लेकापरीस मेंढरं जवळची का?" घरात त्यावर कोणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. माझ्याही.

डिसेंबरात आम्ही गेलो. क्राइस्टचर्चला उतरलो, गाडी भाड्याने घेतली आणि वाटेत त्याचे मित्र, आत्या असं करत दक्षिणेला गोर गावाजवळच्या सासरच्या शेतावर पोचलो. येताना डनेडिनला त्याच्या आजीकडे दोन दिवस राहिलो. या मंचावर बऱ्याच जणांचे जोडीदार परदेशी आहेत, कोणाच्या सुना-जावई तिकडचे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. काय काय बघावं याची यादी कुठेही मिळते. मी माणसांबद्दल लिहिणार आहे.

निघायच्या दोन दिवस आधी मी निफाडला होते आणि नेहमीसारखी गोठ्यात जाऊन आले. नवऱ्याला कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. तिकडे शिरताना जे जाहीरपत्र भरावं लागतं, त्यात हल्लीच जनावरांच्या जवळ गेला होतात का, शेतावर गेला होतात का, हे स्पष्ट विचारतात. कारण लाळ्या-खुरकूत. आपल्याकडे या रोगाच्या लसीकरणाच्या फेऱ्या होतात. न्यूझीलंडमध्ये हा रोग आजवर कधीही आलेला नाही, आणि आला तर तिथलं दूध-मांस बाहेर विकणंच थांबेल. मी गच्चीवर बसून जुन्या टूथब्रशने बुटांच्या तळव्याच्या खाचा साफ केल्या. आईने केलेले तुपातले लाडू घरीच ठेवले. दुधाचे पदार्थ, मध, बिया, ताजी फळं नेऊच नका. बाकी जे न्याल, मसाल्याच्या बंद पाकिटापर्यंत, ते लिहून द्या. न सांगितलेलं खाणं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे. मी सगळं लिहिलं होतं, गोठ्याचंही. अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकलं, बूट आत नेले आणि धुऊन आणून दिले. गोडा मसाला आणि बेसनाची पाकिटं बघून परत दिली. पुढे सासऱ्यांनी पहिल्याच जेवणाला काय विचारलं असेल, तर "बुटांचं सांगितलंस ना तिथे?" सांगितलं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मला वाटतं, माझी पहिली परीक्षा तीच होती.

क्राइस्टचर्चला त्याच्या शाळेतल्या मित्राकडे दोन रात्री राहिलो. इतक्या लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी गाडी चालवायला घेऊ नका, हे कळकळीने सांगते. दुसऱ्या दिवशी मित्र आम्हाला एव्हन नदीकाठच्या संगमरवरी भिंतीपाशी घेऊन गेला. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात गेलेल्या १८५ जणांची नावं तिच्यावर कोरली आहेत. एका नावावर त्याने तळहात टेकवला आणि तसाच उभा राहिला. मी काही विचारलं नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर माझे मामा मदतीला गेले होते, ते अजूनही त्याबद्दल बोलत नाहीत. तिथे उभी असताना मला ते आठवले.

तिथून रस्ता जेराल्डाइन, फेअरली करत बर्क्स पास चढतो आणि पलीकडे टेकापोचं तळं लागतं. हिमनदीने दळलेल्या दगडाची भुकटी पाण्यात तरंगत असते, म्हणून ते दुधी निळं दिसतं. फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पुढे पुकाकीच्या काठावरून ३७२४ मीटर उंचीचा आओराकी, म्हणजे माउंट कुक, आम्हाला स्वच्छ दिसला.

माझ्या लक्षात राहिलंय ते ट्वायझेल. वीजप्रकल्पाच्या कामगारांसाठी १९६८ साली वसवलेलं गाव, काम संपलं की मोडायचं असं ठरलेलं. लोकांनी मोडू दिलं नाही. नवऱ्याच्या मित्राचे वडील कालवे खणायला आले आणि तिथलेच झाले. कोयनानगर ज्यांनी पाहिलंय त्यांना अशा गावाचं वातावरण सांगायला नको. सगळ्यांचे बाप एकाच कामावर, त्यामुळे सगळी पोरं एकमेकांच्या घरात वाढलेली.

या रस्त्यावर एक गोष्ट शिकले. समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरचा हात न काढता फक्त एक बोट उचलतो. ओळख असो-नसो. आपल्याकडे एसटीचे ड्रायव्हर एकमेकांना हात करतात तसं. क्राइस्टचर्चजवळ कोणी करत नाही, लिंडिस पास ओलांडला की वाढत जातं आणि गोरजवळ तर न केल्यास उद्धट ठराल. नवरा पुण्यात इतकी वर्षं गाडी चालवतो, त्याचं बोट कधी उचललेलं मी पाहिलं नव्हतं. ओमारामाच्या पुढे ते आपोआप उचललं जायला लागलं. शेजारी बसून मी ते बघत होते. हा माणूस कुठल्या मातीतला आहे, हे मला त्या बोटावरून कळत गेलं.

रॉक्सबर्गला आत्याकडे जर्दाळूच्या बागेत एक रात्र. झाडावर पिकलेला जर्दाळू मी पहिल्यांदा खाल्ला, आपण सुका खातो त्याच्याशी त्याचं नातं लावता येत नाही.

आता शेत. तीन हजारांच्या आसपास मेंढ्या, दोन कुत्री, आणि माणसं दोन : सासू आणि सासरे. गडी नाही. शेजारचं घर दीड किलोमीटरवर. पहिले दोन दिवस फार अवघड गेले. सासूबाईंनी चीज रोल करून वाढले (पावाच्या कापात चीज आणि कांदा गुंडाळून भाजलेला, हा त्या भागाचा अगदी घरचा पदार्थ), खोलीत फुलं ठेवली होती, सगळं नीट होतं. पण बोलणं पुढे जाईना. सासरे तर वाक्याला तीन शब्द वापरतात. रात्री साडेनऊ वाजून गेले तरी बाहेर उजेड, आणि आम्ही चौघं गप्प. मला वाटलं, लग्नाला आले नाहीत ते यामुळेच. मी त्यांना नको आहे.

तिसऱ्या दिवशी लोकर कातरणारे आले. सासूबाईंनी सकाळी साडेसहाला दार वाजवून माझ्या हातात रबरी बूट दिले. "येतेस?" एवढंच. शेडमध्ये चार कातरणारे, यंत्रांचा आवाज, लोकरीच्या तेलाचा उग्र वास. मेंढी ओढून बसवली की दोन-तीन मिनिटांत अख्खी लोकर एका तुकड्यात, अंगरखा काढावा तशी खाली. ती उचलून टेबलावर एका झटक्यात पसरायची आणि कडेची मळलेली लोकर हाताने तोडून वेगळी करायची. मला आधी झाडू दिला, मग टेबलाशी घेतलं. संध्याकाळी तळहात लोण्यासारखे मऊ आणि कंबर मोडलेली. तिथलं कामाचं वेळापत्रक घड्याळावर बांधलेलं आहे : साडेसात ते साडेनऊ काम, मग अर्धा तास स्मोको, म्हणजे चहा-खाण्याची सुट्टी, मग दहा ते बारा, एक ते तीन, साडेतीन ते साडेपाच. दुसऱ्या दिवशीच्या स्मोकोला मी नेलेल्या बेसनाची कांदाभजी केली. कातरणाऱ्यांपैकी एकाने खाऊन विचारलं, "उद्या पण?" सासूबाई हसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता सुटका नाही."

त्या दुपारी सासरे पहिल्यांदा बोलले. लोकरीच्या भावावरून. जाड लोकरीला कित्येक वर्षं इतका कमी भाव आला की कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून निघेना. तरी कातरायचे, ते मेंढीच्या आरोग्यासाठी. १९८२ च्या सुमारास देशात सात कोटींवर मेंढ्या होत्या, आता अडीच कोटीही नाहीत. सरकारी अनुदान १९८४ नंतर गेलं, शेजाऱ्यांनी मेंढ्या विकून गायी धरल्या. मी त्यांना लासलगावचा कांदा सांगितला. काढणीचा खर्च निघेना म्हणून उभ्या पिकात नांगर घातलेला मी पाहिलाय. त्यांनी काम थांबवून ऐकलं. मग मी आमच्याकडे धनगरांचा वाडा शेतात बसवतात ते सांगितलं, खतासाठी, मोबदला देऊन. मेंढ्या बसवायचे पैसे शेतकरी देतो, हे ऐकून त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

शेवटच्या आदल्या रात्री त्यांनी खिशातली छोटी वही काढली. रोजच्या दोन ओळी, वर्षानुवर्षं. सप्टेंबरचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. आमच्या लग्नाची तारीख. लिहिलं होतं : दक्षिणेचा वारा, गारांचा पाऊस. ४१ कोकरं गेली. खाली : नाशिक, इथले साडेपाच. आमचं लग्न सकाळी अकराला लागलं तेव्हा तिकडे साडेपाच वाजत होते. ते दोघं त्या वेळी पावसात जिवंत कोकरं गोळा करून स्वयंपाकघरात शेगडीपुढे आणत होते. सासूबाई म्हणाल्या, "साडेपाचला आम्ही दोघं पाच मिनिटं आत येऊन बसलो."

परत आल्यावर हे मी आजीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "एक्केचाळीस?"

गाडीवान

डोळ्यांत पाणी आलं वाचताना. आता जरा रस्त्याबद्दल विचारतो, कारण पुढच्या डिसेंबरात आम्हीही जातोय. परवाना आपला चालतो का? आणि एकपदरी पुलांची फार भीती घातली आहे लोकांनी.

निफाडची_लेक

@गाडीवान, परवाना इंग्रजीत असेल तर पाहुण्याला चालतो. मी तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला होता. गाडी आपल्यासारखीच डावीकडून. पुलाआधी पाटी असते : आपल्या दिशेचा बाण लाल आणि छोटा असेल तर आपण थांबायचं, मोठा असेल तर आधी जायचं. तरी समोर बघूनच. मोकळ्या रस्त्यावर मर्यादा १००, पण वळणांवर ती गाठायची घाई करू नका. मागे गाड्या साचल्या तर बाजूला घेऊन जाऊ द्या, तिथे हे फार मानतात. रस्त्यावर मेंढ्यांचा कळप आला तर हॉर्न अजिबात नको. हळूहळू पुढे सरका, कुत्री वाट करून देतात.

आणि काचेचा विमा वेगळा घ्या. आमची पुढची काच खडीच्या रस्त्यावर उडालेल्या दगडाने टिचली आणि गाडीवाल्या कंपनीने अख्ख्या काचेचे पैसे घेतले. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. शेतावर जायचं म्हणजे खडीचा रस्ता येणारच.

हॅमिल्टनवासी

तेरा वर्षं उत्तर बेटावर आहे. एक भर घालतो. कोणी "टीला या" म्हटलं तर तो चहा नसतो, रात्रीचं जेवण असतं, आणि तेही सहाच्या सुमारास. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत आम्ही घरून जेवून गेलो होतो, आणि त्या माऊलीने आमच्यासाठी अख्खी मांडी भाजून ठेवलेली. तिचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी नवीन आलेल्या प्रत्येकाला हे पहिलं सांगतो.

आणि साउथलँडचे लोक र घोळवून बोलतात, स्कॉटलंडहून आलेल्या पूर्वजांमुळे. बाकी देशात तो फारसा ऐकू येत नाही. लक्षात आलं का तुमच्या?

निफाडची_लेक

@हॅमिल्टनवासी, आलं तर! माझ्या नावात दोन र आहेत. क्राइस्टचर्चच्या मित्रांना ते नाव जमत नव्हतं, आणि सासूबाई पहिल्या दिवसापासून नीट म्हणाल्या. तेव्हा मला वाटलं त्यांनी सराव केला असेल. आता कळतंय, र घरचाच होता.

ओवी_७२

छान लिहिलं आहेस, पण मला एक पटलं नाही. नवी सून पहिल्यांदा घरी आली आणि तिसऱ्या दिवशी तिला मेंढ्यांच्या शेडमध्ये उभं केलं? आपल्याकडे माहेरवाशिणीला नि नव्या सुनेला ताटावरून उठू देत नाहीत. परक्या मुलखात आलेल्या मुलीला आधी जीव लावावा, काम नंतर. तू समजून घेतलंस हा तुझा चांगुलपणा आहे.

बर्फाळ

माझा अनुभव याच्या अगदी उलटा, म्हणून लिहिते. माझा नवरा जर्मन आहे. आम्ही म्युनिकहून त्याच्या आईकडे बायरिशर वाल्डमध्ये गाडीने जातो. सासूबाई मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत. चार वर्षं झाली, चमचासुद्धा उचलू दिला नाही. सगळं हातात मिळतं, तीन प्रकारचे केक असतात, आणि दर वेळी परतताना मला रडू येतं, कारण मी अजून पाहुणीच आहे. त्यांना माझा अपमान करायचा नसतो, हे मला कळतं. पण मला कोणी "येतेस?" म्हणून रबरी बूट दिले असते तर मी धावत गेले असते.

निफाडची_लेक

@ओवीताई, तुमचं म्हणणं पहिल्या दोन दिवसांत माझंही होतं. फुलं, चीज रोल, धुतलेले टॉवेल, हे सगळं त्यांनी केलं होतं, जीव लावायची त्यांची तयारी होती. पण त्या दोघांना समोर बसून बोलता येत नाही. आयुष्यभर ते एकमेकांशीसुद्धा काम करता करताच बोलले आहेत. त्यांनी मला कामाला लावलं नाही, त्यांच्या बोलण्यात घेतलं. सोफ्यावर बसून राहिले असते तर अठरा दिवसांनी तशीच परत आले असते.

@बर्फाळ, तुझं वाचून जीव तुटला. एक विचारू? त्यांच्याकडचा एखादा पदार्थ "मला शिकवा" म्हणून मागितलास का कधी? मदत नको म्हणणारी माणसं शिकवायला नाही म्हणत नाहीत, निदान माझ्या आजीपुरतं तरी मला हे माहीत आहे.

बर्फाळ

नाही मागितला. ईस्टरला जातोय. त्यांचे बटाट्याचे गोळे मला खरंच शिकायचे आहेत, मागून बघते.

दख्खनी

सासू-सासऱ्यांना हाक काय मारतेस? माझ्या भावाची बायको आयरिश आहे. ती माझ्या आईला नावाने हाक मारायची. आईला आवडायचं नाही आणि सांगताही यायचं नाही.

निफाडची_लेक

@दख्खनी, हा माझा सगळ्यात मोठा प्रश्न होता. तिकडे सगळे नावानेच हाक मारतात, नवऱ्याने तसंच सांगितलं होतं. माझ्या तोंडून निघेना. पाच दिवस मी हाकच मारली नाही, जवळ जाऊन उभी राहायचे. मग शेडमध्ये एका दुपारी मागच्या कुंपणाचं फाटक निसटलं आणि न कातरलेल्या मेंढ्या कातरलेल्यांत मिसळायला लागल्या. सासरे पाठमोरे, यंत्रांचा आवाज. मी जीव खाऊन ओरडले, "बाबा!" ते वळले. त्यांना अर्थ माहीत नव्हता, पण हाक आपल्याला आहे हे कळलं. फाटक लावून झाल्यावर त्यांनी लेकाला विचारलं. त्याने सांगितलं. ते "ठीक" म्हणाले आणि कामाला लागले. तेव्हापासून बाबा. सासूबाईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि स्वतःच विचारलं, "मग माझ्यासाठी काय शब्द आहे?"

गाडीवान

कुठे किती दिवस ठेवले होते ते सांगाल का? आम्ही दहा दिवसांत सात मुक्काम ठरवलेत, त्यात बायकोचे दोन चुलतभाऊ आहेत.

निफाडची_लेक

सात फार होतात. आमचे असे : मित्राकडे दोन, ट्वायझेल दोन, आत्याकडे एक, शेतावर दहा, डनेडिन दोन, शेवटी वाटेत एक. आत्याकडे एकच रात्र ठेवली याची मला अजून रुखरुख आहे. तिने आदल्या दिवसापासून ओव्हन तापवून ठेवला होता आणि आम्ही सकाळी नऊला निघालो. माणसाकडे जाताय तर निदान दोन रात्री तरी ठेवा, एक पोचायची नि एक राहायची. तळी पुढच्या खेपेलाही तिथेच असतील. डनेडिनची आजी ९३ वर्षांची आहे. तिने माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "तुमच्या घरापासून समुद्र किती लांब?" ती जन्मभर समुद्राजवळ राहिलेली. दीडशेहून जास्त किलोमीटर म्हटल्यावर तिला माझं फार वाईट वाटलं.

आणि आता मला तुमचा सल्ला हवाय. सासू-सासरे फेब्रुवारीच्या शेवटी येताहेत. कोकरं विकून झालेली असतील, मेंढ्यांकडे शेजारी बघणार आहे. पंचवीस वर्षांत दोघं मिळून पहिल्यांदा शेत सोडताहेत. निफाडला तेव्हा द्राक्षांचा खुडा चालू असेल. आमच्या बाबांनी आत्तापासून सोफ्याला नवीन कव्हरं शिवायला टाकली आहेत आणि आठ दिवस फिरायला गाडी ठरवली आहे. मी म्हटलं, त्यांना बागेत घ्या, कात्री द्या. बाबा म्हणाले, "व्याह्यांच्या हातात कात्री देऊ? लोक काय म्हणतील?" कसं समजवू?

ओवी_७२

बाबांना वहीचं पान सांगितलंस का?

निफाडची_लेक

नाही. ते फक्त आजीला सांगितलंय. बाबांना सांगायला मलाच धीर होत नाही, लग्नात ते सगळ्यांत जास्त दुखावले होते.

ओवी_७२

मग आजीलाच सांगू दे. माझं पहिलं म्हणणं मी मागे घेत नाही, सुनेचे लाड व्हायलाच हवेत. पण व्याही शेतकरी आहे. त्याला सोफ्यावर आठ दिवस बसवलंत तर तो आजारी पडेल.

द्राक्षबागायतदार

पिंपळगावचा आहे, म्हणून लिहितो. खुड्याला पहाटे घ्या त्यांना, ऊन चढायच्या आत. थंड देशातली माणसं आहेत, दहानंतर बागेत थांबवू नका. पहिल्या दिवशी क्रेटमध्ये भरायला देऊ नका, नुसता घड कापायला द्या. देठ धरून कापायचं, मण्यांना बोट लागू द्यायचं नाही, वरची पांढरी भुकटी पुसली गेली की माल निर्यातीतून बाद. लोकरीच्या टेबलावर हात बसलेल्या माणसाला हे एकदा दाखवलं की पुरे. आणि तुमच्या बाबांना म्हणावं, व्याह्यांना भाव विचारू द्या. मग दुपारी जेवायला उठवावं लागेल दोघांना.

निफाडची_लेक

आजीशी बोलले आत्ताच. ती म्हणाली, "मी सांगते त्याला." आणि मग, "त्या बाईचा पाय केवढा आहे ते विचार, बागेत चिखल असतो."

सासूबाईंना मेसेज टाकलाय. तिकडे आता मध्यरात्र आहे.